कॉम्प्युटरची गती आणि माझी दुर्गती

आमच्या घरातला कॉम्प्युटर एकाएकी मंद झालाय, हे वसुंधराच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, लक्षात आलं. माझ्या आलं नव्हतं. मी आठ दिवसांत त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. सकाळी बटण दाबायचं, दाढी करायची, आंघोळ उरकायची, देवाला दिवा लावायचा आणि खुर्चीत येऊन बसायचं, तोवर पडद्यावर स्वागताची पाटी उमटण्याच्या बेतात असायची. पंचावन्नी उलटल्यावर मलाही सकाळी अंथरुणातून उठायला वेळ लागतो. त्याबद्दल कोणी माझी तक्रार केलेली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.

पण बुधवारी सकाळी वसुंधरा म्हणाली, "अहो, सोमवारी अकरा वाजता माझी मुलाखत आहे. याच्यावरच, व्हिडिओवर. टायपिंगही करून दाखवायचंय. हा असाच राहिला तर काय करायचं?"

कंपनी पुण्याची होती. मिक्सर, कुकर, गिझर यांच्या खोक्यात माहितीची पत्रकं असतात ना, ती मराठीत करून देण्याचं काम. आजवर ती पत्रकं कोणी वाचतं असं मला वाटत नव्हतं. कोणी लिहीत असेल, हा तर विचारच शिवला नव्हता. वसुंधराने लेकीच्या वेळी शाळेची नोकरी सोडली, त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ही पहिली मुलाखत. दोन महिने रोज दुपारी बसून तिने नमुन्याची बारा पत्रकं तयार केली होती, ती मुलाखतीत दाखवायची होती.

"तू अजिबात काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी आहे ना."

हे वाक्य मी सहज बोललो नव्हतो. सत्त्याण्णव साली आमच्या ऑफिसने मला वाशीला तीन दिवसांच्या कॉम्प्युटर प्रशिक्षणाला पाठवलं होतं. त्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. आजही प्रिंटरमध्ये कागद अडकला की ऑफिसात "कर्णिकांना बोलवा" अशीच हाक उठते.

सुरुवात मी अभ्यासाने केली. मोबाइलवर शोध घेतला, तर जगात मंद कॉम्प्युटर सुसाट करून देणारी इतकी फुकट साधनं निघाली की लोक मंद कॉम्प्युटर वापरतातच कशाला, असा प्रश्न पडला. मी त्यातली तीन निवडली. तिन्ही विषाणूही मारणार होती. एकाने मारले नाहीत तर दुसरं मारेल, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात ती तिन्ही एकमेकांनाच विषाणू समजू लागली. एकाच फाटकावर तीन वॉचमन नेमावेत, आणि त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सोडून एकमेकांचीच ओळखपत्रं तपासत बसावं, तसा प्रकार झाला. दर मिनिटाला खाली उजव्या कोपऱ्यात लाल पाटी यायची, 'धोका आढळला'. माउस हलवला की बाण आधी विचार करायचा, मग निघायचा.

गुरुवारी मी थेट सोमवारपर्यंतची रजा टाकली. दहाच्या सुमारास दाजी आले.

दाजी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आमची करंजाड्यातली सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे, ती एके काळी त्यांची भाताची खाचरं होती. त्यामुळे इमारतीत कुठे काही बिघडलं की ते आपल्याच शेतात गुरं शिरल्यासारखे धावून येतात.

"काय झाला साहेब? मशीन बसला काय?"

मी सांगितलं. दाजींनी कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीला हात लावून पाहिला आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"याला ताप हाय. वारा कोंडलाय. तुमी थांबा, आमी आलो."

ते गेले आणि ट्रॅक्टरची जाळी साफ करायचा ब्लोअर घेऊन आले. मी नको म्हणणार होतो, पण दाजींना नाही म्हणणं म्हणजे मूळ जमीनमालकाला नाही म्हणणं. शिवाय कॉम्प्युटर साफ करावा, हे मी वाचलंही होतं. मी झाकण काढलं. एक गोष्ट मात्र मी विसरलो. त्याच खोलीत, पंख्याखाली, जुन्या साडीवर, वसुंधराने साबुदाण्याचे पापड वाळत घातले होते.

दाजींनी ब्लोअर सुरू केला. डब्यातून दहा वर्षांची धूळ एकदम बाहेर आली, आणि तिच्या मागोमाग दोनशे पापड आपापल्या जागेवरून उठले. काही गॅलरीतून खाली गेले. एक दाजींच्या कपाळाला चिकटला, तो त्यांनी काढून खाल्ला आणि म्हणाले, "मीठ बरोबर हाय."

वसुंधरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर माणसाला न बोललेलं नीट ऐकू येतं.

इतकं करून कॉम्प्युटरला काडीचाही फरक पडला नव्हता. फक्त आता तो मंद पण स्वच्छ होता.

खाली सांडलेले पापड गोळा करायला मी गेलो, तिथे सोसायटीच्या सेक्रेटरी सत्यवतीबाई भेटल्या. त्यांनी माझ्या हातातल्या पापडांकडे बघून सगळी हकीकत काढून घेतली आणि निकाल दिला, "कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. आपल्या विंगचं नेटच स्लो आहे. तुम्ही कम्प्लेंट करा."

कॉम्प्युटर सुरू व्हायला नेट लागत नाही, एवढं मला प्रमाणपत्राच्या जोरावर कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. मी तक्रार केली. फोनवर एका गोड आवाजाने मला मराठीसाठी दोन, तक्रारीसाठी चार आणि वाट बघण्यासाठी काहीही दाबू नका असं सांगितलं. अर्ध्या तासाने तक्रार नोंदली गेली आणि पुढच्या मिनिटाला संदेश आला की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. मी पुन्हा फोन केला. निवारण झालेली तक्रार पुन्हा उघडण्यासाठी नवी तक्रार करावी लागेल, असं कळलं. ती केली.

शुक्रवारी लाइनमन आला. त्याला गच्चीवरची पेटी बघायची होती. गच्चीची किल्ली सत्यवतीबाईंकडे. त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी असाच एक जण वर गेला आणि टाकीचा फ्लोट मोडून आला. आता लेखी अर्जाशिवाय बाहेरच्या माणसाला गच्ची नाही."

मी जागच्या जागी वहीचं पान फाडून अर्ज लिहून दिला. त्यांनी तो दोन बोटांत धरून परत केला.

"कर्णिक, आपण पेपरलेस झालो. ठरावाला अनुमोदन तुमचंच होतं. अर्ज टाइप करून मेलवर पाठवा."

"अहो, कॉम्प्युटर मंद आहे म्हणून तर अर्ज करतोय!"

"मग प्रयोजनाच्या रकान्यात तसं लिहा."

त्या पाच ओळी टाइप करायला मला एक तास दहा मिनिटं लागली. 'गच्चीवर' हा शब्द मी टाइप केला, चहा घेतला, आणि परत आलो तेव्हा तो 'गच्ची'पर्यंत उमटला होता. तेवढ्या वेळात लाइनमनने आमच्याकडे पोहे खाल्ले, वसुंधराला गावाकडच्या जमिनीचा वाद सांगितला आणि शेवटी कंटाळून आपला मोबाइल आमच्या वायफायला जोडून पाहिला.

"साहेब, नेट तर गोळीसारखं पळतंय. तुमचं हे डबडंच मेलंय." आणि गच्चीवर न जाताच तो निघून गेला. संध्याकाळी सत्यवतीबाईंचा मेल आला : अर्ज मंजूर.

दहा वर्षं जपलेल्या वस्तूला एका परक्या माणसाने, आपलेच पोहे खाऊन, डबडं म्हणावं? मला ते लागलं. तेव्हा मी शनिवारी सकाळी शेवटचा मार्ग पत्करला. दुसऱ्या मजल्यावरच्या निनादला गाठलं. निनाद महाप्याला आयटीत मॅनेजर आहे. सोसायटीतल्या सगळ्यांना वाटतं की तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. म्हणूनच तो लिफ्ट न वापरता जिन्याने जातो. मी त्याला जिन्यातच पकडलं.

"काका, मी क्लाउडमध्ये आहे. हे हार्डवेअर माझं काम नाही," तो म्हणाला. पण मी अंग चोरून उभा राहिलो नाही, चांगला पायरी अडवून उभा राहिलो. मग त्याने मी काढलेला पडद्याचा फोटो बघितला. "डिस्क गच्च भरलीय, काका. नको ते सगळं उडवा. आणि नुसतं डिलीट नका करू, ते कचरापेटीत पडून राहतं. शिफ्ट दाबून डिलीट करा. कायमचं जातं."

मी घरी येऊन बसलो. नको ते उडवायचं, पण नको ते काय? माझी गणेशोत्सवातली भाषणं नको कशी असतील? रस्त्यावरच्या गतिरोधकाबद्दल मी केलेला एकोणीस पत्रांचा व्यवहार तर ऐतिहासिक दस्तऐवज होता. कर्नाळ्याच्या सहलीचे चारशे फोटो होते. त्यातल्या तीनशेंत माझं डोकं कापलं गेलं होतं, पण पाय चांगले आले होते. असं एकेक राखत राखत शेवटी मी एका फोल्डरपाशी आलो. नाव होतं 'कचरा'. मला त्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं. मी शिफ्ट दाबलं, डिलीट दाबलं. 'कायमचे पुसायचे का?' 'होय.'

एवढ्या दिवसांत त्या कॉम्प्युटरने झटक्यात केलेलं हे एकमेव काम.

अकरा वाजता वसुंधरा पदराला हात पुसत आली. "बघू, एकदा सगळी पत्रकं डोळ्यांखालून घालते." बराच वेळ ती इकडेतिकडे शोधत राहिली. "अहो, माझे 'कच्चे' कुठे गेले?"

"कच्चे काय?"

"कच्चे खर्डे! बाराही पत्रकं मी 'कच्चे' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती."

मी कपाळाला हात लावला. तिथे माझा चष्मा होता. सकाळपासून तो तिथेच होता.

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या तोंडून भलतंच निघालं. "मंद झालाय ना," मी म्हणालो, "दिसायला वेळ लागतोय. मी आत्ताच्या आत्ता दुकानात घेऊन जातो." मी वायरी उपटल्या, डबा चादरीत गुंडाळला आणि चपला घातल्या. तेवढ्यात ती पाण्याची बाटली घेऊन आली.

"किती धावपळ करताय माझ्यासाठी," ती म्हणाली. "उन्हात जाताय, टोपी घाला."

ती टोपी मला जड झाली, एवढंच सांगतो.

रिक्षात डबा मांडीवर घेतला. गतिरोधक आला की मी त्याला दोन्ही हातांनी वर उचलून धरत होतो. त्या रस्त्यावर गतिरोधक किती आहेत हे मला पत्रव्यवहारामुळे पाठ होतं. गाढी नदीचा पूल ओलांडल्यावर रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "काका, आत कुत्रं आहे का?"

"कॉम्प्युटर आहे."

"मग एवढं काय? कुत्र्यापेक्षा जास्त जपताय!"

जुन्या पनवेलात, बाजारातल्या एका गल्लीत हेतलचं दुकान आहे. तिचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्यांच्यानंतर तिने तिथेच कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. एका फळीवर अजून चार शिलाई मशीनं होती. पस्तिशीची बाई, केसांत पेन्सिल खोचलेली. तिने डबा उघडला, सुरू केला आणि त्याला कान लावला.

"ऐका काका. कट-कट-कट येतंय ना? डिस्क म्हातारी झाली. नवी टाकू, पळायला लागेल." मग पडद्याकडे बघून तिच्या भुवया वर गेल्या. "हे तीन-तीन अँटीव्हायरस कोणी टाकले?"

"आमच्या बिल्डिंगमध्ये एक आयटीतला मुलगा आहे," मी म्हणालो. निनादने मला क्षमा करावी.

"हे लोक ना!" हेतल म्हणाली. "अजून काही?"

मी आजूबाजूला पाहिलं. दुकानात कोणी नव्हतं. तरी मी आवाज उतरवून 'कच्चे' आणि 'कचरा' सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"जुनी डिस्क आहे, ते बरं. यात डिलीट केलं की नुसती दारावरची नावाची पाटी काढतात, बिऱ्हाड आतच असतं. दुसरं कोणी राहायला आलं नसेल तर मिळेल. आणि हा इतका स्लो चालतोय की सकाळपासून कोणी आलं नसणार. पण नक्की नाही सांगू शकत. उद्या दुपारपर्यंत फोन करते." मी निघालो तशी ती म्हणाली, "काका, काकूंना माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी घरी सांगा. डिस्कचं मी बघते. सांगायचं काम काही माझ्याच्याने होणार नाही."

रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी सांगितलं. भाषणं करणारा माणूस मी, पण चार वाक्यांत संपलं. वसुंधराने कप दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं आता रडेल, किंवा कप तरी फुटेल.

"खरं सांगू?" ती अगदी हळू म्हणाली. "क्षणभर मला बरं वाटलं."

"बरं?"

"बुधवारपासून मनात येत होतं, हा बंदच पडला तर सुटले. कॉम्प्युटरच नव्हता, म्हणून सांगता येईल. बावीस वर्षांनी कोणी प्रश्न विचारणार, समोर पोराच्या वयाची माणसं असणार. मला रात्री झोप नाही लागत. तुम्ही दाजींचा तो ब्लोअर लावलात ना, तेव्हा मी आतून देवाला म्हणत होते, मोडू दे."

मी सत्तावीस वर्षांत न बोललेलं नीट ऐकायला शिकलो होतो, असं मी मघाशी म्हणालो. ते मागे घेतो.

"मग नको देऊ मुलाखत," मी म्हणालो. "मी फोन करून सांगतो, माझ्या चुकीमुळे..."

"एक मिनिट," तिने कप खाली ठेवला. तिचा आवाज बदलला होता. "तुम्ही काय वाचलंत म्हणालात? कचरा?"

"चष्मा नव्हता गं."

"माझी दोन महिन्यांची मेहनत तुम्हाला कचरा दिसली? आणि ते कर्नाळ्याचे पाय ठेवलेत?" त्यानंतर पाऊण तास ती जे बोलली ते शुद्ध, ओघवतं आणि नेमकं मराठी होतं. कंपनीने ते ऐकलं असतं तर मुलाखतीची गरजच पडली नसती.

पावणेबाराला हेतलचा फोन आला. मी घाबरून तो स्पीकरवर टाकला.

"काका, अकरा मिळाली! बारावं, गिझरचं, अर्धं आलंय. काकू आहेत का तिथे? काकू, सॉरी हं, फाइल नीट उघडते का बघायला वाचावं लागतं. कुकरचं आईला दाखवलं. आईने चाळीस वर्षांत पहिल्यांदा असलं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. म्हणते, शिट्टी खालून पण धुवायची असते, हे मला आजवर कोणी नीट सांगितलंच नाही. आता शिट्टी काढून धुवत बसलीय."

 वसुंधराने डोळे पुसले, पंखा मोठा केला आणि म्हणाली, "गिझरचं अर्धं मी आज परत लिहून काढते. तुम्ही जा आणि तो डबा घेऊन या. आणि सरळ घरी या, वाटेत कोणाला काही विचारू नका."

कॉम्प्युटर संध्याकाळी सुरू केला. बटण दाबलं आणि दाढीचा ब्रश शोधायच्या आतच तो तयार होता.

सोमवारी पावणेअकराला मला घराबाहेर काढण्यात आलं. मी जिन्यात बसलो. थोड्या वेळाने दाजी येऊन शेजारी बसले. आपण ब्लोअर परत आणू का, असं त्यांनी एकदाच विचारलं. सत्यवतीबाईंनी पाण्याचा पंप तासभर बंद ठेवला, तोही अर्जाशिवाय. निनाद नेहमीप्रमाणे जिन्याने उतरत आला, मला बघून वळणार होता, पण मी ओठांवर बोट ठेवल्यावर तोही पायरीवर टेकला. अर्धा तास आम्ही तिघं बंद दाराकडे बघत होतो. आत आधी नुसती शांतता होती. मग वसुंधराचा आवाज. मग, स्पष्ट, तिचं हसणं. आणि मग टायपिंग सुरू झालं, एकसारखं, न अडखळता.

"आता बरा चाललाय मशीन," दाजी कुजबुजले.

दार उघडलं. वसुंधरा आम्हा तिघांना ओळीने बसलेलं बघून थबकली. "गुरुवारपासून सुरू करा म्हणाले," ती म्हणाली. "चहा ठेवते, आत या."

तेव्हापासून दुपारचा कॉम्प्युटर तिचा. मला त्यातून एक पद मिळालं आहे : तिने लिहिलेलं मी शुद्धलेखनासाठी तपासतो, चष्मा लावून. परवा तिच्याकडे एका कॉम्प्युटर कंपनीचंच पत्रक आलं होतं. मी वाचत गेलो. पाचव्या कलमात होतं, 'यंत्र मंद झाल्यास प्रथम घरातील जाणकार व्यक्तीस त्यापासून दूर न्यावे.'

"हे मूळ इंग्रजीत आहे?" मी विचारलं.

"नाही," ती टाइप करतच म्हणाली. "पण असायला हवं होतं."

मी ते वाक्य तीनदा तपासलं. ऱ्हस्व-दीर्घाची एकसुद्धा चूक सापडली नाही.